संकटकाळातील एकजूट, समाजकार्य आणि सहयोगी संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, दुष्काळ, भूकंप, दरड किंवा साथ आली की समाजकार्य महाविद्यालयांतील विद्यार्थी, त्यांचे प्राध्यापक आणि गावोगावच्या संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून जवळपास तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सहयोगी संशोधन’ म्हणजे नेमके काय? संस्थेने घरे दाखवायची आणि विद्यापीठाने प्रश्न विचारायचे, एवढेच ना?

तेवढेच असेल तर त्याला सर्वेक्षण म्हणावे. सहयोग हा शब्द तेथे शोभत नाही. आपल्या शेतीत एकत्र काम करण्यासाठी इर्जिक आणि सावड असे दोन जुने शब्द आहेत आणि त्यांच्यातील फरक येथे उपयोगी पडतो. इर्जिकीत गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जातात, दिवसभरात त्याचे काम उरकतात आणि शेतमालक सर्वांना जेवू घालतो. सावडीत मात्र एकेकच बैल असलेले दोघे शेतकरी आपले बैल एकत्र जुंपतात आणि आळीपाळीने दोघांचीही शेते नांगरतात. आज तुझे रान झाले की उद्या माझे, हा करार त्यात गृहीत असतो आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या हंगामात जोडीदार मिळत नाही. संकटकाळातील पुष्कळसे संशोधन इर्जिकीसारखे चालते. गाव राबते, रान शहरातल्या एखाद्या विभागाचे नांगरले जाते आणि जेवणही बहुधा गावच घालतो. सहयोगी संशोधन सावडीसारखे असावे अशी आमची भूमिका आहे. संस्थेने आणि लोकांनी वेळ, ओळख आणि अनुभव दिला असेल, तर संशोधकाची पाळी केव्हा आणि कोणत्या कामाने येणार, हे सुरुवातीलाच ठरलेले असले पाहिजे.

२. मदत आणि एकजूट यांत खरोखर फरक आहे, की हा शब्दांचा खेळ आहे?

फरक आहे आणि तो संशोधनाच्या प्रश्नावलीत उतरतो. मदत देणाऱ्याला उद्यापासून ती थांबवता येते. एकजुटीत सामील झालेल्याला इतक्या सहज अंग काढून घेता येत नाही, कारण त्याने समोरच्याचे दुखणे आपल्याही हिशेबात धरलेले असते. १८७६ ते १८७८ या दुष्काळात पुण्यात दोन निरनिराळ्या मार्गांनी काम झाले. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने दुष्काळी भागांतून माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. सत्यशोधक समाजाने १८७७ साली धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवला. एका ठिकाणी कागद होता, दुसऱ्या ठिकाणी भाकरी होती. कागदाविना भाकरी किती दिवस पुरणार आणि भाकरीविना कागदावर कोण विश्वास ठेवणार, हा पेच आजही तसाच आहे.

फक्त मदतीचा अभ्यास करणारा संशोधक किती संच वाटले ते मोजतो. एकजुटीचा अभ्यास करणाऱ्याला वेगळ्या गोष्टी विचाराव्या लागतात. पहिल्या रात्री कोणी कोणाचे दार वाजवले, उसने धान्य कोणी दिले, ते कोणी परत मागितले आणि कोणाला कोणीच विचारले नाही? आंतरराष्ट्रीय समाजकार्य संघटनांनी २०१४ साली स्वीकारलेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत सामाजिक न्याय आणि मानवी हक्क यांच्या बरोबरीने सामूहिक जबाबदारी हे तत्त्व आहे. त्यामुळे हे प्रश्न विषयाच्या बाहेरचे ठरत नाहीत.

३. माणसे उपाशी असताना वही-पेन घेऊन जाणे मुळातच अयोग्य नाही का?

बहुतेक वेळा अयोग्यच असते. तरीही काही वेळा माहिती गोळा न करणे अधिक अयोग्य ठरते. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागू झाली आणि परगावी अडकलेल्या मजुरांच्या हाकेला उत्तर देण्यासाठी ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. मजूर फोन करत आणि स्वयंसेवक विचारत : कोठे आहात, किती जण आहात, शिधा किती दिवसांचा उरला आहे, हाताशी पैसे किती आहेत, मालकाने मजुरी दिली का. ही सर्व माहिती मदत पोहोचवण्यासाठीच लागत होती. एप्रिलच्या मध्यापर्यंत ११,१५९ मजुरांशी संपर्क झाला आणि त्याच नोंदींतून अहवाल तयार झाला. निम्म्या मजुरांकडे एका दिवसाहून कमी शिधा उरला होता, ९६ टक्के जणांना सरकारी शिधा मिळालेला नव्हता आणि ८९ टक्के जणांना टाळेबंदीच्या काळात मालकाने काहीच मजुरी दिलेली नव्हती. ‘सगळीकडे धान्य पोहोचले आहे’ असे सांगितले जात असताना हे आकडे बोलले. ते तीन महिन्यांनी आले असते तर त्यांचा उपयोग इतिहासापुरता उरला असता.

यावरून आम्ही एक साधा नियम पाळतो. पहिल्या काही आठवड्यांत मदतीसाठी जो प्रश्न लागत नाही, तो विचारायचा नाही. धक्क्याबद्दल, दुःखाबद्दल किंवा सामाजिक नात्यांतील बदलांबद्दलचे प्रश्न महत्त्वाचे असले, तरी त्यांना थांबता येते.

४. आम्ही एम.एस.डब्ल्यू.चे (समाजकार्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे) विद्यार्थी आहोत. जिल्ह्यात पूर आला आहे. लगेच सर्वेक्षणाला निघू का?

निघा, पण प्रश्नावली घरी ठेवून निघा. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी संकटात हात लावण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था फाळणीनंतर कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत कामाला गेली होती. पहिल्या दिवसांत गाळ उपसायला, याद्या करायला आणि वृद्धांची औषधे शोधायला माणसे कमी पडतात. ते काम तेथे आधीपासून असलेल्या एखाद्या संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सांगण्यानुसार करावे. रात्री निवाऱ्याला परत आल्यावर दिवसभरात पाहिलेले आपल्या वहीत, कोणाचेही नाव न लिहिता, उतरवून ठेवावे. पुढे प्रबंधाचा विषय त्याच नोंदींतून निघतो आणि तो पुस्तकातून निवडलेल्या विषयापेक्षा बहुधा चांगला असतो.

५. संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवायचा? लोकांना संशोधनाची भाषा कोठे समजते?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याची गोष्ट समजून घ्यावी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला तसे हजारो कामगार गावाकडे परतले. खानापूर तालुक्यात परतलेल्यांना समोर दिसला तो दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी फोडण्याची कामे. संघटनेची सवय लागलेल्या या माणसांनी आधी मजुरीसाठी लढा दिला आणि मग एक मूलभूत प्रश्न विचारला : वर्षानुवर्षे खडी फोडूनही दुष्काळ हटत का नाही? मुक्तिसंघर्ष चळवळीने हा प्रश्न उचलला. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते, विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या लोकविज्ञान चळवळीतील जाणकार आणि गावकरी यांनी मिळून पाऊस, पिके, विहिरी आणि जमीन यांचा शोध घेतला. येरळा नदी कोरडी पडण्याचा संबंध तिच्या पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाशी आहे, हे या शोधात गावकऱ्यांनी ठामपणे पुढे आणले. त्यातून मागणी निघाली की वाळूवर गावाचा हक्क असावा आणि मर्यादित वाळू विकून आलेल्या पैशातून गावानेच धरण बांधावे. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक साहाय्य मिळाले आणि तांदुळवाडी व बलवडी या गावांजवळ बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरलेला होता.

बाहेरून आलेल्या संशोधकाने बहुधा ‘दुष्काळाचा कुटुंबांवर होणारा परिणाम’ असा विषय घेतला असता. तो चुकीचा ठरला नसता, पण त्यातून धरण निघाले नसते. लोकांना संशोधनाची भाषा समजत नाही असे म्हणण्यापूर्वी आपण त्यांना परिणामांविषयीच विचारतो की कारणांविषयीही, हे तपासावे. व्यवहारात यासाठी पहिल्या दोन बैठका कोऱ्या कागदावर घ्याव्यात आणि प्रस्तावाचा मसुदा तिसऱ्या बैठकीत आणावा. निधी देणाऱ्याने विषय आधीच ठरवला असेल तर ते लपवू नये. निदान एक उपप्रश्न पूर्णपणे लोकांकडे सोपवावा.

६. आमची संस्था लहान आहे. महाविद्यालयाशी सामंजस्य करार करताना काय लिहून घ्यावे?

करार दोन-तीन पानांचा असला तरी चालेल. गोळा झालेल्या मूळ नोंदी कोणाकडे राहतील, त्यांची एक प्रत संस्थेला केव्हा मिळेल, संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या वेळेचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली दिला जाईल, अहवालाचा मराठी मसुदा कोणापुढे आणि कोणत्या महिन्यात वाचला जाईल, मतभेद झाल्यास काय करायचे (प्र. १५ पाहा) आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक बदलल्यास जबाबदारी कोणाकडे जाईल, एवढे त्यात आले पाहिजे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. पण आमच्या पाहण्यातले बरेच करार नेमके तेथेच मेले आहेत, कारण प्राध्यापकांची बदली झाली आणि नोंदींच्या फाइली कोणत्या कपाटात आहेत हे सांगणारे कोणी उरले नाही. भारतात समाजकार्य व्यवसायासाठी वैधानिक परिषद नसल्याने वकील किंवा डॉक्टर यांच्याबाबत होते तशी तक्रार नेण्याचे ठिकाण उपलब्ध नाही. म्हणून करारातच तक्रारीची पायरी लिहून ठेवावी.

७. मुलाखत देणाऱ्यांना पैसे द्यावेत का?

बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यावा. उत्तराची किंमत म्हणून पैसे देऊ नयेत. रक्कम परिसरातील एका दिवसाच्या मजुरीच्या आसपास असावी आणि ती मुलाखत अर्धवट सोडणाऱ्यालाही मिळावी. पैसे द्यायचे की धान्य, हे स्थानिक कार्यकर्त्यांना विचारून ठरवावे.

८. नीतिशास्त्र समितीची मंजुरी यायला दोन महिने लागतात. आपत्ती तेवढी थांबते का?

थांबत नाही आणि हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. (माणसांविषयीचे संशोधन योग्य रीतीने होईल का, हे आधी तपासून मंजुरी देणारी ती नीतिशास्त्र समिती.) भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मानवी आपत्ती आणि संकटकाळातील संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि अशा वेळी जलद पुनरावलोकनाला वाव दिला आहे. ही तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी असली तरी समाजकार्याच्या अभ्यासालाही चांगला आधार देतात. आरोग्यातील सामाजिक संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली तयार झालेली नैतिक तत्त्वेही वाचावीत.

यावर उत्तम उपाय म्हणजे शांत काळात साचा मंजूर करून घेणे. आपल्या जिल्ह्यात दर काही वर्षांनी पूर येतो हे माहीत असेल, तर पुराच्या अभ्यासाचा सर्वसाधारण प्रस्ताव, संमतिपत्र आणि प्रश्नांची यादी उन्हाळ्यातच समितीपुढे ठेवावी आणि पूर आल्यावर फक्त गावांची नावे कळवावीत. सांगली-कोल्हापूरने ऑगस्ट २०१९मध्ये आणि चिपळूणने जुलै २०२१मध्ये जो पूर पाहिला, त्यानंतर ‘अचानक’ हा शब्द प्रस्तावात वापरणे जड जाते.

मदतीसाठी केलेल्या नोंदींना मंजुरी लागत नाही. त्याच नोंदी पुढे संशोधनासाठी वापरायच्या असतील तर त्या वेळी मंजुरी घ्यावी लागते आणि शक्य तेथे लोकांची संमती नव्याने मागावी लागते.

९. सरपंचांनी होकार दिला आहे. घरोघरी वेगळी संमती घ्यायची गरज आहे का?

गरज आहे. सरपंचांचा होकार हा गावात येण्याचा परवाना असतो. उंबरठ्याच्या आत तो चालत नाही. घरातही कर्त्या पुरुषाने सांगितले म्हणून सून बोलायला बांधील नसते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संमतिपत्र वाचून दाखवावे आणि साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा. कागदावरचा अंगठा म्हटले की सावकार किंवा तलाठी आठवणाऱ्या माणसांची तोंडी संमती ध्वनिमुद्रित करावी, मात्र ही पद्धत समितीने आधी मान्य केलेली असावी. आमचा अनुभव असा की ‘नाही म्हटले तरी चालेल’ हे वाक्य शेवटी सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. ते पहिल्यांदा सांगितले तर दहांतील एखादी बाई हसून ‘मग आज नको’ म्हणते. तो नकार नोंदवावा आणि तिच्या घरी पुन्हा फेरी मारू नये.

१०. आमचाच कार्यकर्ता धान्याचा संच देतो आणि तोच मुलाखत घेतो. चालेल का?

चालवू नये. हातात धान्य असलेल्या माणसाला कोणी खरे उत्तर देत नाही. कोणी गरज वाढवून सांगते, तर कोणी उपकाराच्या भाराखाली तक्रार गिळून टाकते. मदतीचा दिवस आणि मुलाखतीचा दिवस वेगळा ठेवावा. शक्य असेल तर माणूसही वेगळा असावा. मनुष्यबळ कमी असल्यास शेजारच्या तालुक्यातील संस्थेशी कार्यकर्त्यांची अदलाबदल करावी. त्यांनी आपल्या गावांत मुलाखती घ्याव्यात, आपण त्यांच्या. हीसुद्धा सावडच झाली.

याला अपवाद प्र. ३ मधील परिस्थितीचा. मदतीसाठी लागणारी मोजकी माहिती मदत देणारानेच विचारली तर हरकत नाही, कारण तेथे विचारण्याचे कारण समोरच्याला स्पष्ट दिसत असते.

११. मदत मागायला आलेल्या लोकांच्या माहितीवरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलता येते का?

नाही. मदत मागणारे हे संपूर्ण समाजाचे प्रतिनिधी नसतात. ज्यांच्याकडे फोन होता, फोनमध्ये पैसे होते आणि क्रमांक माहीत होता, तेच मदतवाहिनीपर्यंत पोहोचले. त्यामुळे प्र. ३ मधील टक्केवारी ‘देशातील सर्व मजुरांची’ म्हणून सांगणे चूक ठरेल. पण तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. अकरा हजारांहून अधिक माणसे एकाच प्रकारची वंचना सांगत असतील, तर तिचे प्रमाण किती या वादाआधी तिचे निवारण कसे, हा प्रश्न येतो. अहवालाच्या पहिल्याच पानावर ही माहिती कोणाची आहे आणि कोणाची नाही, हे दोन वाक्यांत लिहावे.

१२. आमचे आकडे आणि सरकारी आकडे जुळत नाहीत. अधिकारी म्हणतात, तुमची पद्धत चुकीची आहे. काय करावे?

प्रथम ते खरे आहे का ते पाहावे, कारण कधी कधी खरे असते. व्याख्या वेगळ्या असल्या की आकडे वेगळे येतात. पंचनाम्यात घरमालकाचे नाव असते, भाडेकरूचे नसते. पिकाच्या नुकसानीची भरपाई सात-बारावर ज्याचे नाव आहे त्याला मिळते. वाट्याने किंवा तोंडी खंडाने कसणारा त्या यादीत येत नाही. शेतात आयुष्य घालवलेली पण उताऱ्यावर नाव नसलेली बाईही येत नाही. भटक्या-विमुक्तांच्या पालांची तर नोंद कोठे करावी असाच प्रश्न पडतो. आपल्या सर्वेक्षणात ही सर्व माणसे असतील तर आकडा मोठा येणारच. तो फरकच अहवालाचा मुख्य निष्कर्ष म्हणून मांडावा.

पद्धत पक्की असेल तर एकट्याने न भांडता अनेकांनी एकच पद्धत वापरून मोजणे परिणामकारक ठरते. महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या कार्यक्षेत्रातील जन्म आणि बालमृत्यू एकाच रीतीने मोजले आणि २००१ साली अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षातील बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यातून पुढे आले. पुढे शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. एका संस्थेचा आकडा ‘तुमच्या भागापुरता’ म्हणून बाजूला ठेवता येतो. तेरा जागांवरून एकाच वेळी आलेले आकडे बाजूला ठेवायला अधिक मोठे टेबल लागते.

१३. तहसील कार्यालयाने आमच्या अभ्यासातील कुटुंबांची नावानिशी यादी मागितली आहे. त्यांना योजनांचा लाभच मिळणार आहे. द्यावी का?

ज्या कारणासाठी नावे घेतली त्यावर उत्तर अवलंबून आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी पती गमावलेल्या स्त्रियांची माहिती गोळा केली ती त्यांना शासनापर्यंत पोहोचवण्यासाठीच. तेथे नाव देणे हाच उद्देश होता आणि स्त्रियांना तो ठाऊक होता. शासनाचा ‘मिशन वात्सल्य’ उपक्रम ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झाला तेव्हा अशा याद्या कामाला आल्या. याउलट, गोपनीयतेचे वचन देऊन घेतलेल्या मुलाखतींची यादी, हेतू कितीही चांगला असला तरी, परस्पर देता येत नाही.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत आहे. तिची एक अट अशी की त्या माहितीवरून त्याच व्यक्तीसंबंधी निर्णय घेतला जाऊ नये. लाभार्थी ठरवणे हा असाच निर्णय असल्याने संशोधनाची यादी लाभार्थ्यांची यादी झाली की सवलतीचा आधार सुटतो. कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत असल्या तरी आजपासूनच दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात : एक लाभासाठी, नावानिशी आणि स्वतंत्र संमतीची, दुसरी अभ्यासासाठी, सांकेतिक क्रमांकाची. आधीच घोळ झाला असेल तर कार्यालयाला यादी देण्याऐवजी कुटुंबांना कार्यालयाचा अर्ज नेऊन द्यावा आणि तो भरायला मदत करावी. वेळ अधिक लागतो, पण वचन मोडत नाही.

१४. एका परदेशी विद्यापीठाला आमच्यासोबत अभ्यास करायचा आहे. ते पैसे पाठवतील. काही अडचण?

अडचणी बऱ्याच आहेत आणि त्या पैसे येण्याआधी सोडवाव्या लागतात. विदेशी अंशदान, म्हणजे परदेशातून येणारी देणगी, घ्यायला संस्थेकडे २०१०च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते आणि ती रक्कम आधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही ते चालत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मुंबई-पुण्यातील मोठ्या संस्थेने निधी घ्यायचा आणि तालुक्यातील चार लहान संस्थांना वाटायचा, ही जुनी रीत यामुळे बंद झाली आहे. सहयोगी संशोधनाला बसलेला हा मोठा फटका आहे, कारण गावाच्या सर्वांत जवळ असलेल्या संस्थाच बहुधा नोंदणीविना असतात. ‘सेवाशुल्क म्हणून बिल करा’ असा सल्ला कोणी दिला तर सनदी लेखापालाचे लेखी मत घेतल्याशिवाय तसे करू नये.

अभ्यास आरोग्याशी संबंधित असेल आणि परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही घ्यावी लागते. या सर्वांतून मार्ग काढताना लहान संस्थांनी पैशाविना मिळू शकणारे सहकार्य आधी मागावे : संख्याशास्त्राची मदत, नोंदींचे विश्लेषण, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, संयुक्त लेखन.

१५. अभ्यासात आमच्याच भागीदार संस्थेने मदत वाटताना दुजाभाव केल्याचे दिसले. छापावे का?

छापावे, पण छापण्यापूर्वी त्यांना वाचू द्यावे. करारात (प्र. ६) संस्थेला उत्तरासाठी महिनाभराची मुदत द्यावी आणि तिचे म्हणणे अहवालात शब्दशः छापावे. मजकूर काढून टाकण्याचा अधिकार मात्र देऊ नये. गावाची एकजूट ही गोड दिसणारी गोष्ट आहे आणि संशोधक तिच्या प्रेमात लवकर पडतात. सामुदायिक स्वयंपाकघरात कोणी स्वयंपाक केला आणि कोणाला तेथे हात लावू दिला नाही, गावाबाहेरच्या वस्तीत होडी केव्हा पोहोचली, याद्या कोणाच्या ओट्यावर बसून झाल्या, हे विचारल्याशिवाय ‘गाव एक झाला’ असे लिहू नये. बहुतेक वेळा दुजाभाव कोणी ठरवून केलेला नसतो. कार्यकर्ते ज्या आळीत राहतात तेथून याद्या सुरू होतात आणि संच संपले की थांबतात. हे कारण लिहिले तर संस्थेलाही ते स्वीकारता येते आणि पुढच्या वेळी यादी दुसऱ्या टोकापासून सुरू करता येते.

१६. मुलाखतीत एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, किंवा कोणी जीव देण्याची भाषा केली. गोपनीयतेचे काय?

मूल अठरा वर्षांखालील असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. संशोधकाला त्यातून सूट नाही. म्हणून ‘तुम्ही सांगाल ते सर्व गुप्त राहील’ असे वचन कधीच देऊ नये. हा अपवाद संमती घेतानाच सांगावा. मुलाशी पुढे कोण बोलणार, त्याला तात्पुरते कोठे ठेवता येईल, १०९८ या बालमदतवाहिनीला कोण फोन करणार, हे क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

जीव देण्याची भाषा ऐकल्यावर मुलाखत तेथेच थांबवावी, माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच्या संमतीने जवळच्या व्यक्तीला बोलवावे. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांत काम करणाऱ्यांना ही तयारी अधिकच लागते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८मध्ये अशा कुटुंबांतील ५०५ स्त्रियांचा अभ्यास केला. मुलाखती घेणाऱ्या कार्यकर्त्या त्याच भागात काम करणाऱ्या असल्याने संबंध मुलाखतीपुरता राहिला नाही. या स्त्रियांना योजनांचा लाभ प्राधान्याने मिळावा यासाठी जून २०१९मध्ये शासन निर्णय निघाला. अशा मुलाखती सलग दोनाहून अधिक घेऊ नयेत, हेही सांगून ठेवतो. ऐकणाऱ्यालाही रात्री झोप लागली पाहिजे.

१७. अहवालावर नाव कोणाचे? आणि तो इंग्रजीत लिहिला तर मान मिळतो, मग मराठीत कशाला?

ज्यांनी प्रश्न ठरवला, माहिती गोळा केली किंवा तिचा अर्थ लावला, त्यांचे नाव लेखक म्हणून यावे. ‘आभार’ या मथळ्याखाली आशाताई आणि अंगणवाडीताई यांना एका ओळीत बसवणे योग्य नाही. नाव छापल्याने गावात त्रास होणार असेल तर त्या व्यक्तीला विचारून टोपणनाव किंवा गटाचे नाव वापरावे. इंग्रजी लेख अवश्य लिहावा. मात्र मराठी अहवाल आधी यावा आणि तो वाचून दाखवला जावा. आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख हा उपक्रम महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात गावाने आपल्या आरोग्य सेवेला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, अशी पद्धत होती. जनसुनवाईत वाचला न जाणारा अहवाल कितीही चांगल्या नियतकालिकात आला, तरी परिचारिकेची रिक्त जागा त्याने भरत नाही.

१८. संकट ओसरले. अभ्यास केव्हा संपवावा?

निधी संपतो त्या दिवशी तर नाहीच. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पहिल्या वर्षाच्या अभ्यासांत घरांचे बांधकाम, मदतीचा वेग आणि मृतांची संख्या होती. चौकटीत आखलेल्या रुंद रस्त्यांच्या गावांत शेजार तुटला, शेते लांब पडली, घरांपुढे पत्र्याच्या पडव्या निघाल्या, हे कळायला अनेक वर्षे जावी लागली. दुसरी बाजूही उशिराच दिसली. घरदुरुस्तीच्या कामात ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिलेल्या गावोगावच्या स्त्रिया पुढे बचत गट आणि इतर कामांत पुढे आल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाल्यावर लातूर भागातील स्त्रिया तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या. पहिल्याच वर्षी दप्तर बांधलेल्या अभ्यासाला यातले काहीच दिसले नसते.

म्हणून प्रस्तावातच तीन फेऱ्या लिहाव्यात : संकटानंतर काही महिन्यांनी, त्याच ऋतूत एक वर्षाने आणि पाच वर्षांनी. पुराच्या गावात ही फेरी पावसाळ्यात ठेवावी. उन्हाळ्यात नदीकडे पाहून माणसे वेगळे बोलतात. पाचव्या वर्षी मूळ चमूतील कोणी उरले नसेल असे धरून चालावे. सांकेतिक क्रमांकांची किल्ली (कोणता क्रमांक कोणाचा याची यादी) महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे बंद पाकिटात ठेवावी, नावे वगळलेल्या नोंदींची एक प्रत भागीदार संस्थेकडे ठेवावी आणि मराठी अहवालाच्या दोन छापील प्रती ग्रामपंचायत व शाळेच्या वाचनालयात द्याव्यात.